शिट्टीचा धसका

यंत्रांना नुकतीच वाचा फुटली होती, तेव्हाची गोष्ट. व्यायाम शिकवणाऱ्या हेमलताबाईंच्या गळ्यातल्या शिट्टीने बोलक्या घड्याळाचा धसका घेतला होता. हे आता बाईंना घरी बसवणार, आणि आपल्याला खुंटीवर टांगणार.

एका सकाळी बाई मैदानाच्या दुसऱ्या टोकाला शिकवत असताना वृंदा या विद्यार्थिनीच्या मनगटावरचं ते घड्याळ ओरडलं, “बाई, हिचं काळीज रोजच्यापेक्षा जोरात धडधडतंय. का, ते मला समजत नाही.”

बाई धावत आल्या. वृंदाचे सुकलेले ओठ पाहून म्हणाल्या, “संकष्टी ना आज? पाणी तरी प्यायलीस का?”

वृंदा ओशाळली. बाईंनी तिला बसवून पाणी पाजलं, केळं सोलून दिलं.

“बाई होत्या म्हणून निभावलं,” घड्याळ शिट्टीला म्हणालं. “मला एकट्याला झेपलं नसतं.”

शिट्टीने सुटकेचा निःश्वास सोडला, इतका हळू की ती वाजलीच नाही.