बारकू घोलपचं वजन उतरतं

एका गावात एक भोळा माणूस होता, असं सांगून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. पण गाव खैरमाळ, माणूस अजून आहे, आणि तो मी आहे. नाव बारकू घोलप. बारशाला भागूआत्यानं कानात हे नाव सांगितलं तेव्हा मी बारका असेन. पुढे नाव तसंच राहिलं, मी राहिलो नाही.

आईवडील लवकर गेले म्हणून आत्यानंच मला वाढवलं. तिचं किराणा दुकान आहे, तिथं तराजूमागे मी बसतो. सांगितलेलं तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, असं तिनं मला लहानपणी एकदा सांगितलं. ते मी कधी विसरलो नाही.

लग्नाचं वय झालं तशी आत्या मला नदीपलीकडं चिंचोळीला मुलगी दाखवायला घेऊन गेली. निघताना म्हणाली, "बसवतील तिथं बसायचं. पोहे देतील त्याला नाही म्हणायचं नाही."

त्यांनी मला बाजेवर बसवलं. बाज चांगली होती, पण सुंभ जुना होता. तो तुटला आणि मी बाजेच्या चौकटीत कमरेपर्यंत अडकलो, पाय वर. अशा वेळी काय करायचं हे आत्यानं सांगितलं नव्हतं. म्हणून मी बसवलं तिथंच बसलो. मुलगी पोहे घेऊन आली. मी हात वर करून बशी घेतली आणि खायला लागलो.

मुलीचं नाव रत्नमाला. ती हसली. तोंडाला पदर लावून नाही, चांगली मोठ्यानं हसली. मग माझी बशी रिकामी झालेली बघून आत गेली आणि आणखी पोहे घेऊन आली. तेव्हाच मी मनात ठरवलं की लग्न करायचं तर हिच्याशीच.

चौघांनी मिळून मला बाहेर ओढलं. रत्नमालेचे वडील दौलतराव तुटका सुंभ चाचपत बसले. तीच म्हणाली, "माणूस मला चालेल. पण वजन उतरवायला पाहिजे. हळूहळू उतरवा, घाई नको. उतरलं की सुपारी फोडू."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कामाला लागलो. आमच्या दुकानात वजनं वरच्या फळीवर असतात. मी पाच किलोचं वजन दोन्ही हातांनी धरलं आणि हळूहळू उतरवायला लागलो. शेजारची साळूबाई साखर न्यायला आली होती.

"बारकू, अर्धा किलो दे रे."

"थांबा. मी वजन उतरवतोय."

"अरे, मग उतरव की लवकर."

"लवकर नाही चालायचं. हळूहळूच उतरवायचं आहे."

साळूबाईचा चहा चुलीवर होता. तो आटला, पातेलं करपलं, आणि ती आत्याकडं भांडायला आली. तेव्हा मी एक किलोच्या वजनापर्यंत पोचलो होतो. मला वाटत होतं, दुपारपर्यंत लग्न ठरतंय.

आत्या म्हणाली, "आरं, त्ये वजन नव्हं, तुज्या अंगातलं. ढमाले मास्तरांकडं जा, आन् व्यायाम शीक."

"बरं," मी म्हटलं. "पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

ढमाले मास्तर शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाले तरी त्यांची शिट्टी अजून गळ्यात असते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग पुन्हा खालपर्यंत पाहिलं. म्हणाले, "एकदम जोर-बैठका काढल्यास तर आडवा होशील. आधी नुसता चाल. घाम आला की थांब."

वैशाखातले दिवस होते. मी उंबऱ्याबाहेर पाय ठेवला आणि घाम आला. मी थांबलो. थोड्या वेळानं घाम वाळला म्हणून एक पाऊल टाकलं. पुन्हा घाम आला. पुन्हा थांबलो. आठवडाभर मी असा मनापासून व्यायाम केला आणि आमच्या अंगणातल्या तुळशीपर्यंत पोचलो.

मास्तर बघायला आले. "लेका, घामाचं सोड. रोज सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत चालत जा."

"बरं. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

मी देवळापर्यंत गेलो. तिथं बसलो. लोक येत होते, नारळ फोडत होते, मला प्रसाद देत होते. संध्याकाळी आत्या शोधत आली. मी तिला सांगितलं की मास्तरांनी इथपर्यंत जायला सांगितलं आहे, पुढचं अजून काही सांगितलेलं नाही. माझ्याभोवती करवंट्यांचा बराच ढीग झाला होता. वजन उतरलं नाही ते उगाच नाही.

मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अरे, गेलास की माघारी यायचं. पोचलास की लगेच मागं वळ आणि घर गाठ. मध्ये बसायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही, काही खायचं नाही. कळलं?"

"कळलं. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

पुढची वेळ लगेच आली. आत्यानं आंब्याची पाटी माझ्या डोक्यावर दिली आणि म्हणाली, "चिंचोळीला पोचीव. तेवढीच तुजी आठवण राहील त्यांना."

मी पाटी घेऊन चालत नदीपलीकडं गेलो. रत्नमाला अंगणात रांगोळी काढत होती. मला बघून उभी राहिली. "अगंबाई, आलात का? या की."

मी पोचलो होतो. म्हणून मागे वळलो आणि पाटीसकट घरी आलो. तिनं मागून दोन-तीन हाका मारल्या. मला फार वाईट वाटत होतं, पण कुणाशी बोलायचं नव्हतं.

आंबे परत आलेले बघून आत्या मटकन खालीच बसली. "मूर्खा, त्यांना वाटंल, आंबे दाखवून परत न्हेले. आता पुन्हा जा. दारात गेलास की आत जा, बस, बोल. ती माणसं जे म्हणतील त्याला मान दे. आग्रह मोडू नकोस."

"बरं. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

मी पुन्हा चिंचोळीला गेलो. आंबे दिले, आत गेलो, बसलो, बोललो. सगळं नीट चाललं होतं. रत्नमालेची आई म्हणाली, "जेवून जा." मी जेवलो. "आणखी घ्या की." मी आणखी घेतलं. "लाजू नका." मी लाजलो नाही. निघायला उठलो तर माउली म्हणाली, "एवढ्यात निघालात? राहा की चार दिवस."

मी चार दिवस राहिलो.

दोन दिवस त्यांनी कौतुकानं केलं. तिसऱ्या दिवशी दौलतराव मला विचारायला लागले की दुकान कोण बघतंय. चौथ्या दिवशी पीठ संपलं. रत्नमाला मला नदीपर्यंत पोचवायला आली आणि म्हणाली, "आलात तेव्हा होतात त्यापेक्षा वाढलात. असं कसं हो जमायचं?" ती हसत नव्हती. मला पहिल्यांदा भीती वाटली. आपल्या भोळेपणापायी ही हातची जाणार, असं वाटलं आणि घरी येईपर्यंत रडू आवरत होतो.

मास्तरांपुढं सगळं कबूल केलं. मास्तर म्हणाले, "आग्रहाला बळी पडायचं नाही. कुणी काही पुढं केलं की हात आडवा धरायचा. म्हणायचं, बस, पुरे, आता नको. आणि उठून जायचं."

"बरं. पुढच्या वेळी लक्षात ठेवीन."

हे मात्र मला साधलं. मी पोळीला हात आडवा धरला, भाताला धरला, वरणाला धरला. आत्या खूश झाली. साळूबाईनंसुद्धा गावभर सांगितलं की बारकू आता ताटावरून उठतो. ही बातमी चिंचोळीला पोचली. दौलतरावांचं मन विरघळलं. पोरगा वेडा आहे, पण जिद्दीचा आहे, असं म्हणून ते एक दिवस चार प्रतिष्ठित माणसं घेऊन आमच्या घरी आले. मी समोर बसलो. त्यांनी सुपारी आणि नारळ माझ्यापुढं केला.

"घ्या," ते म्हणाले. "आमची रत्नमाला तुम्हाला दिली."

मी हात आडवा धरला. "बस, पुरे, आता नको," म्हटलं आणि उठून गेलो.

त्यानंतर आमच्या ओटीवर काय झालं ते मी पाहिलं नाही. मी परड्यात जाऊन हात धुवत होतो. नियम चांगला पाळला म्हणून स्वतःवर खूशही होतो. आत्या परड्यात आली. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. तेव्हा मला कळलं की हे काही जेवणाचं नव्हतं.

मी तसाच चिंचोळीला पळालो. दौलतरावांनी दार लावून घेतलं. मी परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो, म्हटलं, चुकलो. त्यांनी तोंड फिरवलं. परत आलो. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. उन्हाळा सरला, ओढे भरले आणि ओसरले, भात कापणीला आला, आणि मी रोज सकाळी नदी ओलांडून माफी मागायला जात होतो. व्यायामाचं माझ्या ध्यानातही नव्हतं. काही खायची इच्छा होत नव्हती. आत्या माझे कपडे उसवून पुन्हा शिवत होती, मला वाटायचं तिची नजर अधू झाली.

एका सकाळी दारात दौलतराव नव्हते, रत्नमाला होती. तिनं मला नीट न्याहाळलं आणि आत बोलावलं. "बसा बाजेवर," ती म्हणाली.

मी घाबरत बसलो. बाज नुसती कुरकुरली. सुंभ तोच होता, फक्त गाठी मारलेला.

"आबा," तिनं आत हाक मारली, "यांचं वजन उतरलं."

मी म्हटलं, "कधी?"

ती हसली. पहिल्या दिवशीसारखी, मोठ्यानं. मला इतकं बरं वाटलं की मी पोह्यांची वाटसुद्धा पाहिली नाही. तुळशीचं लग्न झालं की आमचं, असं ठरलं.

आता काळजी होती ती आत्याला. लग्नात मी काय करीन या विचारानं तिची झोप उडाली. ती मास्तरांकडं गेली. "मास्तर, ह्याला शिस्त लावा. बोहल्यावर माजी अब्रू ऱ्हाऊ द्या."

मास्तरांनी मला शाळेच्या मैदानावर उभं केलं. "हे बघ, तू विचार करायचाच नाहीस. हुकूम झाला तेवढंच. सावधान म्हटलं की ताठ उभं राहायचं. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. विश्राम म्हटलं की पाय फाकवून हात पाठीमागं. आणि विसर्जन म्हटलं की कवायत संपली, उजवीकडं वळून सरळ आपल्या घरी."

हे मला एकदाच सांगावं लागलं. मास्तरांचे डोळे भरून आले. म्हणाले, "बारकू, इतका चांगला विद्यार्थी मला नोकरीत मिळाला नाही."

लग्न चिंचोळीत होतं. मांडव भरला होता. मी अंतरपाटाच्या अलीकडं, रत्नमाला पलीकडं, दोघांच्या हातात माळा. गुरुजींनी मंगलाष्टक म्हटलं आणि शेवटी खणखणीत आवाज लावला, "शुभ मंगल सावधान."

मी ताठ झालो.

प्रत्येक मंगलाष्टकाला ते पुन्हा सावधान म्हणत होते आणि मी आणखी ताठ होत होतो. अक्षता डोळ्यांत गेल्या, मी पापणी हलवली नाही. वाजंत्री वाजली, अंतरपाट दूर झाला. रत्नमालेनं माझ्या गळ्यात माळ घातली. मी जागचा हललो नाही.

"नवरदेव, आता तुम्ही," गुरुजी म्हणाले.

मी समोर बघत होतो. मांडवात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, फेफरं आलं. कुणी म्हणालं, मन बदललं. दौलतरावांचा चेहरा उतरला. सावधान ऐकून बोहल्यावरून पळालेले थोर पुरुष होऊन गेले आहेत, पण उभ्या जागी थिजलेला बहुतेक मीच पहिला.

रत्नमाला हळूच म्हणाली, "काय झालं?"

मी ओठ न हलवता म्हटलं, "सावधान चालू आहे."

ती शाळा शिकलेली होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा गर्दीत तोंड लपवणाऱ्या मास्तरांकडं बघितलं, आणि शांतपणे म्हणाली, "विश्राम."

मी पाय फाकवले आणि हात पाठीमागं नेले. माळही मागे गेली.

"अहो, माळ घाला," ती म्हणाली.

हुकूम झाला. मी माळ घातली. माझ्या गळ्यात आता दोन झाल्या.

गुरुजी पंचांगात बघायला लागले. मुहूर्त निघून चालला होता. रत्नमालेनं माझ्या गळ्यातली एक माळ काढली, माझे दोन्ही हात धरले, त्यांच्यात माळ दिली आणि माझ्याच हातांनी स्वतःच्या गळ्यात घालून घेतली. चिंचोळीत अजून म्हणतात की त्या दिवशी रत्नमालेनं लग्न केलं, बारकू नुसता हजर होता.

पुढचे सगळे विधी तिनं एकेक हुकूम देऊन पार पाडले. पंगती उठल्या. मी मात्र मांडवात पाय फाकवून, हात मागे बांधून उभाच होतो. रत्नमाला मास्तरांना म्हणाली, "मास्तर, आता सोडा की यांना. बसू द्या जरा."

मास्तरांनाही माझी दया आली. त्यांनी शिट्टी फुंकली आणि सवयीनं ओरडले, "विसर्जन."

मी उजवीकडं वळलो आणि सरळ आपल्या घरी आलो.

मुंडावळ्या काढून खुंटीला लावल्या, दुकान उघडलं, साळूबाईला पावशेर डाळ मोजून दिली. दिवस कलला तेव्हा वाजंत्री ऐकू आली. पुढं आत्या, मागं दौलतराव, मास्तर, सगळं वऱ्हाड, आणि मध्ये एकटीच चालत आलेली रत्नमाला. उंबऱ्यावर माप ठेवलेलं नव्हतं, आत कुणी नव्हतं, आणि नवरदेव तराजूमागे होता.

आत्या धापा टाकत म्हणाली, "आरं बारक्या, लगीन झालं की नवरीला संगं घिऊन घरी यायचं असतं."

रत्नमाला माझ्याकडंच बघत होती. मला माझी चूक कळली. खरंच मनापासून कळली.

"बरं," मी म्हटलं. "पुढच्या लग्नात लक्षात ठेवीन."