गोजराईचे नऊ दिवस

फार वर्षांपूर्वी, जांभूळधऱ्याला वाटसुद्धा धड नव्हती तेव्हा, तिथं गोजराई नावाची सुईण होती. सात गोधड्यांखालची मोहरी तिच्या बोटांना लागायची, असं म्हणतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, ती गावातल्या एकूण एक बाईची छाती आणि काख चाचपून बघायची. गाठ लहान असताना सापडली तर बाई वाचते, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

एकूण एक म्हणजे सोनकी सोडून. सोनकी तिशीची, पण तिची समज चार वर्षांच्या पोरीएवढी. दरवर्षी तिची आई म्हणायची, ती घरीच बरी. आदल्याच दिवशी याच गावानं बैलांचा खूर नि खूर तपासलेला असायचा. आता अशा गावाला काय म्हणावं!

एका वर्षी गोजराईनं हट्टच धरला. तेव्हा चौघीजणी सोनकीला ओढत घेऊन आल्या, दार लावलं आणि तिचे हात धरून ठेवले. सोनकीनं असा टाहो फोडला की डोंगरावरची वानरं पळाली. गोजराईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सोडा तिला. खोंड आहे का ती?"

"तिला काय कळतंय, माय?" आई रडकुंडीला आली होती.

"दुखलं तरी तिला सांगता येत नाही, म्हणून तर तिला आधी बघायचं. तिला बघून होईपर्यंत मी कुणालाच हात लावणार नाही."

बायका चिडल्या, कामं खोळंबली म्हणाल्या. गोजराई कुणाचं ऐकेना. सोनकी रोज ओढ्याकाठी खडे धूत बसायची, तिथं शेजारी जाऊन तीही खडे धुऊ लागली. आठ दिवस ती तिथून हलली नाही. मुंग्यांनी तिच्या पदरावर वारूळ बांधलं, पाऊस आला तो तिला वळसा घालून गेला, असं म्हणतात. मनातून मात्र ती धुसफुसत होती, सोनकीवर नव्हे, गावावर. इतकी वर्षं आपणही हो ला हो केलं, म्हणून स्वतःवरही.

नवव्या दिवशी तिनं सोनकीचा हात घेऊन स्वतःच्या काखेत ठेवला. "आधी तू मला बघ." सोनकीनं मन लावून चाचपलं, खुदकन हसली आणि आपला हात वर केला. गोजराईच्या बोटांना तुरीच्या दाण्याएवढी गाठ लागली. घाटापलीकडच्या वैदूनं ती काढली. सोनकी पुढं शंभर पोळे जगली, असं म्हणतात.

आजही करीला आरोग्य केंद्राची नर्स जांभूळधऱ्याला येते. दार उघडंच असतं. पहिला मान सोनकीसारख्यांचा, आणि आधी त्या नर्सला तपासतात, मग नर्स त्यांना. कधी एखादी अर्धा दिवस घेते. रांगेतली कुणी कुरकुरलीच, तर एखादी म्हातारी फटकारते, "गोजराई नऊ दिवस थांबली. तुला दुपारपर्यंत थांबवत नाही?"