उरलेला छर्रा

पंचांगं फाटली, सनावळ्या वाळवीने खाल्ल्या, इतक्या जुन्या काळी एक डोंगराळ राज्य होतं आणि त्या अख्ख्या राज्यात एकच मोटार होती. लहान असाल तर नुसतं ऐका. मोठे असाल तर जरा मान खाली घालून ऐका, कारण गोष्ट तुमचीच आहे.

मोटार जुनी पण देखणी होती. हिरवा रंग, पितळी दिवे, चामड्याच्या गाद्या. वर्षभर ती मोटारखान्यात झूल पांघरून झोपायची. दसऱ्याला महाराज ती स्वतः चालवत सीमोल्लंघनाला जायचे.

तिला एकच खोड होती. दुसऱ्या गिअरमध्ये टाकली की जरा पुढे जायची आणि मग खट्! दांडा आपोआप मागे यायचा, गिअर सुटायचा. महाराजांचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा मुजरे घ्यायला. मग दांडा धरणार कोण? म्हणून दरबारात एक पद निर्माण झालं. दांडाधारी. त्याने महाराजांशेजारी बसायचं आणि दांडा घट्ट धरून ठेवायचा, बस्स. त्यासाठी जरीचा फेटा मिळायचा, मोटारखान्याची किल्ली मिळायची आणि मनगटाचं कायमचं दुखणं मिळायचं. पद वंशपरंपरेचं होतं. दुखणंही.

आधी हे पद भिंगरीच्या आजोबांकडे होतं, आता बाबांकडे होतं आणि पुढे भिंगरीकडे येणार होतं. तिच्या घरात मुलं पाळण्यातून उतरली की त्यांच्या हातात मुसळ देत. रोज तासभर धरून बसायचं. सराव! राजशाळेत तर ‘दांडाशास्त्र’ नावाचं जाडजूड पुस्तक होतं. त्यात दांडा धरण्याच्या सोळा पद्धती आणि प्रत्येकीचा श्लोक.

भिंगरीने एकदा गुरुजींना विचारलं, “गुरुजी, पण दांडा मुळात सुटतोच का?”

“वर्गाबाहेर उभी राहा,” गुरुजी म्हणाले.

ती बाहेर गेली. बाहेर बरं वाटलं, म्हणून परत आत आलीच नाही. जाताना पुस्तक मात्र घेऊन गेली.

अशीच काही वर्षं सरली. मग एका वर्षी दरबारातल्या ज्येष्ठांनी पत्रिका मांडली आणि सांगितलं की यंदा सीमोल्लंघन पूर्वेला नको, पश्चिमेला करा. पूर्वेचा रस्ता सपाट होता. पश्चिमेचा घाटातून खाली जात होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मोटारीला ब्रेक होते, म्हणजे नुसतं पेडल होतं, दाबून काही थांबत नसे. त्यामुळे उतारावर सगळा भार दुसऱ्या गिअरवर येणार होता. तो सुटला की मोटार मोकाट.

नियमही होता. दांडा सुटून अपघात झाला, तर दांडाधाऱ्याला कड्यावरून ढकलावं. तोवर तो मोटारीबरोबर आधीच खाली पोचलेला असेल, हे नियम करणाऱ्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांचं सरासरी वय शहात्तर होतं.

भिंगरीने त्या दिवशी बाबांना पाणी प्यायला तांब्या दिला. तो त्यांच्या उजव्या हातातून निसटून जमिनीवर गडगडत गेला. दोघांनीही त्याकडे पाहिलं. 

दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा लागला. या पंधरा दिवसांत ज्येष्ठ मंडळी कुठलंही काम काढत नसत. एरवीही काढत नसत, पण या पंधरवड्यात त्याला कारण असायचं. मोटारखान्याकडे कुणी फिरकणार नव्हतं. भिंगरीने बाबांच्या फेट्याखालची किल्ली उचलली, आढ्यावरून दोर सोडला आणि गिअरबॉक्स खाली उतरवला.

निघालेली प्रत्येक वस्तू तिने निघाली त्या क्रमाने पोत्यावर मांडली आणि प्रत्येकीभोवती खडूने रेघ ओढली. आतल्या तेलाची काकवी झाली होती. रॉकेलने धुऊन धुऊन तिच्या बोटांची सालटं निघाली. फिरत्या भागाला आधार देणारा एक पितळी बुश झिजून कागदाएवढा पातळ झाला होता, तो तांबटाकडून नवा ओतून आणला. झाकणाखाली बसवायला जाड पुठ्ठा हवा होता. तो तिने दांडाशास्त्राच्या मुखपृष्ठातून कापला. शिक्षणाचा तिला झालेला हा पहिला उपयोग.

पण खोड कुठे होती, ते काही सापडेना. दांडा हलला की आत एक सळई सरकायची. सळईला तीन खाचा होत्या. खाचांसमोर एक भोक होतं आणि भोकात स्प्रिंग. ती स्प्रिंग कशाला तरी सळईवर दाबून धरायला बसली होती आणि तिच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

“इथे काहीतरी हवं होतं,” भिंगरी पुटपुटली.

भिंतीवरची पाल चुकचुकली. “छर्रा. लोखंडी. वाटाण्याएवढा. तो खाचेत बसतो, म्हणून गिअर जागचा हलत नाही.”

“तुला गं काय माहीत?”

“माझ्या पणजीच्या पणजीने पाहिलंय. आमच्यात इतिहास लिहीत नाहीत, त्यामुळे तो खरा राहतो,” पाल म्हणाली. “तीस वर्षांपूर्वी दरबारची यंत्रं सांभाळणाऱ्या तुमच्या यंत्रभूषणांनी हा डबा उघडला होता. स्प्रिंग उसळली, छर्रा उडून टोपलीखाली गेला. सगळं बंद करून, हात धुऊन झाल्यावर सापडला. आता पुन्हा कोण उघडणार? जेवायची वेळ झाली होती.”

“मग?”

“मग गेले थोरल्या महाराजांकडे. म्हणाले, बनवणाऱ्यांनी चुकून एक जास्तीचा घातला होता, मी ओळखून काढला. महाराज खूश! छर्रा सोन्याच्या अंगठीत बसवून यंत्रभूषणांच्याच बोटात घातला. त्याच दसऱ्याला गिअर सुटायला लागला, तेव्हा तुझ्या आजोबांना बोलावलं.”

भिंगरी तडक यंत्रभूषणांच्या ओसरीवर गेली. वय वर्षं ऐंशी, दाढी शुभ्र, भोवती चार म्हातारे मान डोलवायला. तिने सरळ मागितलं.

“आजोबा, अंगठीतला छर्रा द्या. मोटारीचा आहे तो.”

“शाळा सोडलेली पोरगी मला मोटार शिकवणार? आम्ही काय इतकी वर्षं गवत उपटत होतो?”

“गवत उपटलं असतं तर अंगण तरी साफ झालं असतं.”

चार माना डोलता डोलता थांबल्या. यंत्रभूषण काठी टेकत उठले. “अगं, तुझ्या आजाला मी पोटाला लावलं! फेटा दिला! छर्रा बसवला तर तुझं घराणं काय करेल? काय धरून बसेल?”

छर्रा काही मिळाला नाही. ती परत आली. पण येताना तिला खंडेनवमी आठवली.

त्या राज्यात खंडेनवमीला सगळी हत्यारं-अवजारं मोटारखान्यात पुजायला मांडत. पाने, हातोडे, करवती आणि सगळ्यांच्या मधोमध, चौरंगावर, ती अंगठी. सकाळी पूजा झाली, उघडा गिअरबॉक्स तेवढा वेळ मोटारीच्या झुलीखाली लपला. दुपारी ज्येष्ठांनी पुरणपोळीवर तुपाची धार धरली ती वाटी संपेपर्यंत सोडली नाही आणि मग सगळे जिथल्या तिथे आडवे झाले. अख्खं राज्य घोरत असताना भिंगरीने चिमट्याने अंगठीतला छर्रा काढला. त्याच्या जागी मिठाईवरचा चांदीचा वर्ख लावलेला वाळका वाटाणा बसवला.

चोरी म्हणायची तर म्हणा. मोटारीची वस्तू मोटारीत गेली.

छर्रा भोकात बसला. झाकण बसलं, गिअरबॉक्स दोराने परत जागी चढला. तिने पोतं झटकलं, खडूच्या रेघा पाहिल्या, जमीन चाचपली. काही उरलं नव्हतं. तरी तिने तीनदा पाहिलं, कारण चुकलं असतं तर दरीत जाणारा माणूस तिचा होता.

संध्याकाळी ती म्हणाली, “बाबा, उद्या दांडा सोडलात तरी चालेल. मी दुरुस्त केलाय.”

बाबा मनगटाला तेल चोळत होते. “बावीस वर्षं धरलाय, भिंगरे. सोडला तर मी कोण?”

दसऱ्याला मोटार निघाली. पुढे महाराज आणि बाबा. मागच्या गादीवर यंत्रभूषण, अंगठीचा हात सगळ्यांना दिसेल असा खिडकीबाहेर. मोटारीच्या बाजूच्या पायरीवर उभी भिंगरी, चाकाखाली घालायला दगड घेऊन. लोक वाटेत अंगठीला नमस्कार करत होते. वाटाण्याला इतका मान आजवर उसळीतही मिळाला नसेल.

घाट सुरू झाला. दुसरा गिअर पडला. बाबांनी दोन्ही हातांनी दांडा धरला, सोळापैकी नववी पद्धत. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या, सगळ्यात तीव्र वळणावर भिंगरीने पाहिलं, बाबांच्या उजव्या हाताची पकड सैल होतेय. मग बोटं वाकडी झाली. मग डावा हात घामाने घसरला.

दांडा सुटला.

“सुटला!” बाबा ओरडले. महाराजांनी डोळे मिटले, जे चालवणाऱ्याने करू नये. भिंगरीने तो दगड छातीशी धरला. आणि मागून यंत्रभूषणांनी टाहो फोडला, “देवा, मेलो! मी केलं रे देवा! छर्रा जास्तीचा नव्हता! माझ्याच हातून राहिला! जेवायला उशीर होत होता म्हणून उघडून पाहिलं नाही! पोराबाळांना उगाच दांडा धरायला लावला! क्षमा कर!”

मोटार घुमत, गुरगुरत, बैलासारखी संथ उतरत राहिली. दांडा जागचा हलला नव्हता.

महाराजांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग आरशातून मागे पाहिलं. “यंत्रभूषण, जरा पुन्हा सांगा. जेवणापर्यंत ऐकलं मी.”

यंत्रभूषणांची दाढी तेवढी हलली. 

बाबा आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होते. तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मांडीवर ठेवला, गुडघ्यावर ठेवला. शेवटी कड्यावर उभ्या असलेल्या एका गुराख्याने त्यांना हात केला, तेव्हा त्यांनीही खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. मग पार सीमेपर्यंत ते दिसेल त्याला हात करत राहिले. म्हशींनासुद्धा.

सीमेवर महाराजांनी सगळ्यांना आपट्याची पानं वाटली आणि अंगठी मागून घेतली. नखाने वर्ख खरवडला. आत वाटाणा दिसला. त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने पान तोंडासमोर धरून आकाशाकडे पाहिलं.

“छान आहे,” महाराज म्हणाले आणि अंगठी यंत्रभूषणांच्या बोटात परत घातली. “ही आता काढायची नाही.”

दांडाधाऱ्याचं पद त्याच दिवशी बंद झालं. मोटारखाना भिंगरीकडे आला आणि बाबा तिच्या हाताखाली भाग धुऊन, क्रमाने पोत्यावर मांडू लागले. मनगटाला तेवढं झेपायचं. यंत्रभूषण मात्र रोज स्नान करत, अंगठी रोज भिजे, आणि आठवडाभरात भर दरबारात तिला मोड आला. चार म्हाताऱ्यांनी त्यालाही नमस्कार केला.

तात्पर्य: मोठ्यांनी आपली चूक उघडून दुरुस्त करायची सोडून पुजायला ठेवली, की ती धरून बसण्यात पोरांचे हात झिजतात.