चिमाईची मोरी

या, पुढे या. नाकाला रुमाल कशाला? वास येत नाही, येणारही नाही. धारवणला येणारा प्रत्येक जण आधी किल्ला बघतो, मग देवीचं देऊळ, मग बाजारात चिवडा घेतो आणि मोरी दाखवते म्हटलं की नाक मुरडतो. तुम्ही निदान आलात. ती कमान बघा, नदीच्या काठावर उघडते ती. वर रुंद, खाली निमुळती, अंडं उभं धरल्यासारखी. हीच आमच्या शहराची सगळ्यात जुनी भुयारी मोरी. देऊळसुद्धा हिच्यानंतर दोनदा नवं बांधलं. हिची वीट हललेली नाही.

असं सांगतात की तेव्हा धारवणात दर उन्हाळ्याला महामारी यायची. घरोघरचं सांडपाणी आणि घाण गल्लीतून वाहायची, गल्लीतच विहिरी. देवीचा कोप म्हणून लोक नवस करायचे आणि त्याच विहिरीचं पाणी प्यायचे. शेवटी जहागीरदारांनी हैबती गवंड्याला बोलावून सांगितलं, सगळी घाण जमिनीखालून नदीच्या खालच्या अंगाला ने.

हैबतीने चर खणला, दोन्ही बाजूंनी भिंती घातल्या, वर फरशा टाकल्या. चैत्रात आमच्या देवीचा, उजळाईचा, रथ बाजारातून निघाला आणि चाकाखाली फरशी मोडून मोरी बसली. पुढच्या वर्षी जाड फरशा टाकल्या. रथ आला, मोरी पुन्हा बसली. तेव्हा गावचे जाणते म्हणाले, भुई बळी मागते आहे. बांधणाऱ्याच्या घरची सून द्या, म्हणजे काम उभं राहील. दुसऱ्याची सून द्यायला माणसाला काय लागतं!

हैबतीची सून चिमा. तिचं तान्हं मूल आदल्याच उन्हाळ्यात महामारीने नेलं होतं. हैबती जहागीरदारांचे पाय धरून रडला, पण गाव अडून बसलं होतं. चिमा मात्र रडली नाही, म्हणे. तिने खुराड्यातून अंडं आणलं आणि सासऱ्याच्या हातात उभं धरून दिलं.

"मामंजी, वरून-खालून दाबा."

एवढी पहार पेलणारा माणूस, त्याने दोन्ही तळव्यांत धरून दाबलं, अंडं फुटेना.

"अशी बांधा मोरी," ती म्हणाली. "निमुळतं टोक खाली. पानी थोडं असलं तरी पळंल, घान बसायची न्हाई."

मग ती पदर खोचून चावडीवर गेली. आमच्या गावात तोवर कुठली सून चावडीची पायरी चढली नव्हती. जाणत्यांपुढे उभी राहून म्हणाली, "बळी पायजे न्हवं? देते. पन मोरी माज्या मनासारकी बांधू द्या. रथ वरनं जाईल तवा मी खाली हुबी ऱ्हाईन. पडली तर तुमचा बळी तुमाला मिळाला. न्हाई पडली, तर ह्या गावात बळीचं नाव पुन्यांदा कुनी काढायचं न्हाई."

जहागीरदारांनी देवीची शपथ घेऊन वचन दिलं.

पावसाळा सरल्यावर काम सुरू झालं. वाकड्या विटा मुद्दाम भाजून घेतल्या. चुना मळायच्या घाण्यात गूळ आणि हिरडा पडला. चिमा स्वतः एकेक वीट बोटाने वाजवून घ्यायची. बद्द वाजली की बाजूला. सासरा विटा रचत जायचा. आपण सुनेचं घर बांधतो आहोत की थडगं, हे त्याला कळत नव्हतं, असं सांगतात. मला तर त्या माणसाचीच जास्त दया येते.

चैत्र आला. चिमा या कमानीतून आत शिरली आणि बाजाराखाली जाऊन उभी राहिली. रथ निघाला. पण चाक मोरीवर आलं आणि ओढणाऱ्यांनी दोर सोडले. आपल्या पायाखाली जिवंत बाई आहे, हे ठाऊक असताना दोर कोण ओढणार? वाजंत्री थांबली. रथाचं सगळं ओझं मोरीच्या ऐन माथ्यावर उभं राहिलं. म्हणजे परीक्षा ठरली होती त्याहून कठीण झाली. हैबती धावला. वारा जायला विटांचं नळकांडं वर काढलं होतं, त्याला तोंड लावून ओरडला, "आहेस का गं, चिमा?"

कान लावून बघितलं. त्याने पुन्हा हाक मारली. मग विटांमधून घुमत, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज आला.

"आहे! ओढा रथ!"

काय गर्जना झाली असेल हो! रथ असा निघाला की थेट नदीवर येऊन थांबला. चिमा या कमानीतून बाहेर आली, केसांत चुना, गुडघ्यापर्यंत चिखल. ज्यांनी तिचा बळी मागितला होता, त्यांनीच खाली उतरून तिला हात दिला. देवीच्या आधी त्या दिवशी ओटी भरली ती चिमाची. आणि त्या उन्हाळ्यात, म्हणे, धारवणच्या स्मशानात कमरेएवढं गवत वाढलं. तिला पुढे लेकरं झाली; ती सगळी जगली.

खरं-खोटं विचारू नका. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मोरी समोर आहे. पलीकडच्या रस्त्यात परवा घातलेला सिमेंटचा पाइप दोनदा उकरून झाला. मध्यंतरी हीसुद्धा बुजवायची टूम निघाली होती. तेव्हा अख्ख्या गावच्या सुना या कमानीत येऊन बसल्या. त्यांत मीही होते. टूम बुजली, मोरी राहिली.

आता आत कुणी उतरत नाही. उतरूही देत नाही. बळी नाही म्हणजे नाही. पण आजही चैत्रात उजळाईचा रथ बाजारात या मोरीवर आला की थांबतो. वाजंत्री गप्प होते. पुजारी नळकांड्याशी वाकून विचारतो, "आहेस का गं, चिमा?" आणि इथे, या कमानीशी, त्या वर्षी गावात आलेल्या सगळ्या नव्या सुना, शिकलेल्या, नोकरीवाल्या, हातावरची मेंदी न उतरलेल्या, आत तोंड करून छातीभर ओरडतात,

"आहे! ओढा रथ!"