कडूचा रांजण

एका राज्यात कडू म्हणून काही उरलं नव्हतं. कारलं गोड, मेथी गोड, आणि कडुनिंबाची पानं अशी गोड की त्यांना मुंग्या लागत. ऐकायला बरं वाटतं. पण त्या वर्षी त्या राज्यात जितकी माणसं मेली तितकी आधीच्या तीन लढायांत मिळून मेली नव्हती. तेव्हा ऐकणार असाल तर पुरतं ऐका, अर्ध्यावर उठू नका.

राजाचं नाव अनंगसेन. त्याची राणी बाळंतपणात गेली. जाताना तिच्या ओठांना काढ्याची वाटी लावली होती, आणि ती शेवटचा शब्द बोलली तो 'कडू'. राजा दुःखाने वेडा झाला. तुमच्याआमच्यासारखा माणूस वेडा झाला तर भिंतीवर डोकं आपटतो. राजा वेडा झाला की फर्मान काढतो. त्याने मधुपर्ण नावाच्या जादूगाराला बोलावणं धाडलं.

"माझ्या राज्यातलं कडू काढून ने," राजा म्हणाला.

"नेतो. पण राजाने ते परत मागायचं नाही."

"मागणार नाही."

मधुपर्णाने राज्यातलं झाडून सगळं कडू एका काळ्या रांजणात भरलं, वर झाकण बसवलं आणि रांजण घेऊन तो आपल्या डोंगरावरच्या गढीत गेला. कडू ज्याच्यापाशी साठतं तो म्हातारा होत नाही, म्हणून त्यालाही ते हवंच होतं. कडूबरोबर कडू औषधांचा गुणही गेला. विषं मात्र होती तिथेच राहिली, फक्त ती आता गोड लागत.

राज्याच्या टोकाला, रानाला लागून पानतळी नावाची वस्ती होती. तिथे येसू आणि भिवरा अशा दोघी बहिणी राहत. वस्तीसाठी औषधाची झाडं निवडणं हे त्यांचं काम, त्यांच्या आईचं आणि आजीचंही तेच. पानतळीची रीत अशी होती, की झाड दोघींनी मिळून निवडायचं. एक चाखणारी, एक राखणारी. झाड वस्तीजवळचं हवं. आजाऱ्याचा माणूस पळत जाऊन चुलीवरचं पाणी उकळायच्या आत परतला पाहिजे. लांबच्या डोंगरावर अमृत उगवत असलं तरी ते पानतळीच्या कामाचं नव्हतं. चाखणारीने पान आधी मनगटाला चोळायचं, मग ओठाला लावायचं, मग जिभेवर ठेवायचं. राखणारीने तिचे श्वास मोजायचे, ती सांगेल ते ऐकायचं, पुढे ते कुणाला लागू पडलं तेही बघायचं आणि जन्मभर लक्षात ठेवायचं. चाखणारीने मात्र सांगून झालं की विसरून जायचं. मागची चव डोक्यात बसली की जीभ खोटं बोलते, असं तिथे मानत.

येसू चाखायची, भिवरा राखायची. भिवराच्या डोक्यात एकशेबारा झाडं होती.

"कडू काय एकच असतं व्हय?" येसू म्हणायची. "एक कडू तोंड धुऊन काढतं, ते तापाचं. एक जिभेवर बसून राहतं, ते जंतांचं. आन् एक नरडं धरतं. ते म्हणतं, थूक मला."

कडू गेल्याच्या दुसऱ्या महिन्यात हिवताप आला. दर तीन दिवसांनी थंडी भरायची आणि तिसऱ्या थंडीला माणूस जायचं. तापावर पानतळी पिढ्यान्पिढ्या सातवीणीच्या सालीचा काढा देई. आता तो काढा गुळवण्यासारखा लागे आणि काडीचा उपयोग होत नसे. तेव्हा लोकांनी धनेश पक्ष्याकडे पाहिलं. काजऱ्याची नारिंगी फळं खाऊन तो मजेत उडत होता. पाखरू काय खातं ते बघावं, ही रीतही जुनीच. पण बघून झाल्यावर येसू चाखायची आणि तिची जीभ निवाडा करायची. या वेळी तिने काजऱ्याची बी ओठाला लावली, जिभेला टेकवली आणि म्हणाली, "गोड."

ती खरं तेच बोलली. लोकांनी बिया उगाळून घेतल्या, आणि आठ दिवसांत अकरा माणसं हातपाय ताठून मेली.

त्यानंतर येसूने एकही पान जिभेला लावलं नाही. मग तिलाच हिव भरलं. ती पहिली थंडी, म्हणजे तिसरीला सहा दिवस. भिवराने चार भाकऱ्या बांधून घेतल्या.

"कुठं निघालीस?" येसूने विचारलं.

"कडू आणाया."

"त्यो जादूगार देणार न्हाई."

"मागून तर बघते. तवर तू मरू नको."

"बघते," येसू म्हणाली आणि तिने तोंडावर घोंगडी ओढली.

दोन दिवस चालून भिवरा गढीच्या दारात पोचली. पायी चालत मागायला आलेल्याला तीन कामं सांगायची आणि ती झाली तर मागितलेलं द्यायचं, असा जादूगारांचा नियम आहे. जादूगार कितीही वाईट असो, तो नियम मोडत नाही. ते काम राजेलोकांचं.

मधुपर्ण विशीतला दिसत होता. त्याचं वय तीनशे होतं.

"गढीमागे सात हजार झाडं आहेत," तो म्हणाला. "सगळ्यांची पानं मी एकसारखी केली आहेत, चव तर तशीही नाही. त्यातलं तापाचं झाड सूर्य मावळायच्या आत दाखव."

भिवरा गढीमागे गेली. पानांकडे तिने पाहिलंच नाही. मधुपर्णाने बळकावण्याआधी हा डोंगर पायथ्याच्या लोकांचा होता, आणि त्या लोकांनाही ताप येतच असणार. ती बुंधे बघत फिरली. पुष्कळ झाडांवर कोयत्याचे घाव होते, त्यांच्या कडा सरळ. ती सरपणाची झाडं. दुपार कलल्यावर तिला एक झाड दिसलं. त्याची साल फक्त उगवतीकडून, तळहाताएवढीच काढलेली, आणि ती भरून आली होती. तिच्या कडा दातेरी होत्या. सातवीणीला लोखंड लावायचं नाही, साल दगडाने ठेचून काढायची, हे पानतळीत शेंबडं पोरही जाणत होतं.

"हे," ती म्हणाली. तिने दगड उचलला, जुन्या व्रणाशेजारून तळहातभर साल काढली आणि पदराच्या गाठीत बांधली.

"एक काम झालं," मधुपर्ण म्हणाला. "आता धनेश पक्ष्याच्या चोचीतली काजऱ्याची बी आण. तो बारा वर्षांत एकदाच माणसाशी बोलतो, आणि मनात आलं तरच बी देतो."

सकाळी ती काजऱ्याखाली जाऊन उभी राहिली. धनेश फांदीवर बसला होता. त्याने मान वाकडी करून तिला न्याहाळलं.

"तुझ्या वस्तीत अकरा मेले," तो म्हणाला. "लोक म्हणतात मी फसवलं. कोण मेले ते सांग, मग बी देतो."

राखणाऱ्या बाईला हे अवघड नव्हतं. ते फक्त सोसवत नव्हतं.

"धाकू सुताराची गोजरा, दोन चमचे," भिवरा सांगू लागली. "तिचा सासरा बाबजी, एक चमचा. रावजी गुराखी, चाटण करून. त्याच्या दोन लेकी, एकाच वाटीतलं." तिने अकराही सांगितले, कुणी किती घेतलं, कोण किती वेळ तडफडलं तेही सांगितलं.

"चूक कुणाची?" धनेशने विचारलं.

"आमची. आम्ही नुसतं बघितलं."

"बघितलंही अर्धंच. मी गर खातो आणि बी टाकून देतो. टाकलेलं कुणी पाहिलं नाही." एवढं बोलून त्याने चोचीतली बी खाली सोडली. भिवराने तीही पदराच्या त्याच गाठीत बांधली, आणि पक्षी बारा वर्षांसाठी मुका झाला.

मधुपर्णाने तिला रांजणापाशी नेलं.

"तिसरं काम सोपं आहे. झाकण काढ आणि एक घोट घे. तुझ्या जिभेवरून सगळं कडू राज्यात परत जाईल. पण तू जे राखलं आहेस ते या घोटात विरघळेल. एकशेबारा झाडं. धनेशला सांगितलीस ती अकरा नावंसुद्धा."

"बहिणीला तर विसरणार न्हाई?"

"नाही. ती तू राखलेली नाहीस. ती तुझी आहे."

भिवरा रांजणापाशी बसली. तिला आईची आठवण झाली. बत्तिसावं झाड चाखताना ती गेली होती. आजीची झाली, तिची जीभ चाखून चाखून काळी पडली होती. भिवराच्या डोक्यात जे होतं ते तिच्या एकटीचं नव्हतंच. ते वस्तीचं होतं आणि द्यायचा तिला हक्क नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या पारड्यात एकटी येसू, घोंगडीखाली कुडकुडणारी. भिवराने झाकण काढलं आणि घोट घेतला. बरोबर केलं की चूक, हे मला विचाराल तर मी सांगणार नाही. मी तिथे नव्हतो, आणि माझी बहीण आजारी नव्हती.

राज्यातलं सगळं कारलं, सगळा निंब, सगळं विष आणि सगळं औषध एकदम तिच्या घशाखाली उतरलं. ती ओरडली नाही, तिची जीभच वळेना. अडुळसा गेला, गुळवेल गेली, बेहडा गेला. कोण कशाने बरं झालं, गेलं. गोजरा, बाबजी, रावजीच्या लेकी, गेल्या. तिने डोळे उघडले तेव्हा रांजण रिकामा होता. मधुपर्णाची तीनशे वर्षं त्याला एकाच दमात गाठून गेली होती, आणि जमिनीवर त्याचं धोतर तेवढं पडलं होतं.

दोन दिवसांनी ती पानतळीला पोचली. येसूला तिसरी थंडी भरत होती, दात वाजत होते. भिवराने गाठ सोडली. आत एक साल होती आणि एक बी होती.

ती बघतच राहिली. दोन्हींतलं एक तापाचं आणि एक जीव घेणारं, एवढं तिला कळत होतं. कुठलं कुठलं, ते कळत नव्हतं. शेजारणी दारात जमल्या होत्या, पण येसूने 'गोड' म्हटल्यापासून कुठल्याच बी-सालीला हात लावायची, किंवा 'हे दे, ते टाक' असं सांगायचीही कुणाची छाती होत नव्हती.

"येसू, मला आठवंना," भिवरा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

"तू कशाला आठवतीस? हितं आण," येसू म्हणाली.

तिने बी हातात घेतली, मनगटाला चोळली, ओठाला लावली. भिवरा तिचे श्वास मोजू लागली. मोजणं ती विसरली नव्हती. चौथ्या श्वासाला येसूचा चेहरा आवळला आणि ती थुंकली.

"नरडं धरतंय. फेक."

मग तिने साल घेतली. हात थरथरत होते, म्हणून भिवराने ते धरले. साल ओठावर, मग जिभेवर. दहा श्वास झाले, वीस झाले.

"तोंड धुऊन काढतंय," येसू म्हणाली. "उकळ."

येसू वाचली. वस्तीतले आणखी सतरा जण त्याच आठवड्यात त्याच सालीने वाचले. राज्यात पुन्हा कारलं कडू झालं, आणि लोक ते रडत रडत खाऊ लागले.

मग एकशेबारा झाडांचा प्रश्न उरला. येसू ती चाखून विसरली होती, भिवरा राखून विसरली होती. तेव्हा वस्तीतली माणसं एकेक करून बहिणींच्या अंगणात येऊ लागली. खोकला झाला तेव्हा मला हे पान दिलं होतं. माझ्या पोराच्या हगवणीला या मुळीचं पाणी दिलं होतं, कुड्याच्या शेजारी उगवते ती. ज्याने जे प्यायलं होतं, ते त्याला आठवत होतं. अशी एकाहत्तर झाडं परत आली.

राजा अनंगसेन अनवाणी आला. कसला लवाजमा नाही, डोक्यावर काही नाही.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"घरोघर जावा, महाराज," भिवरा म्हणाली. "मेलेल्या माणसाला कधी काय लागू पडलं व्हतं, ते कुणाला ठावं हाय का विचारा."

राजा पाच महिने दारोदार हिंडला. त्याने माफी मागितली आणि विचारलं. प्रत्येक दारात त्याला एकच उत्तर मिळालं, "ज्याला ठावं व्हतं त्योच गेला, महाराज." पाच महिन्यांनी तो परत आला आणि बहिणींसमोर रिकाम्या हाताने उभा राहिला. मग तो राजधानीला गेला आणि चांगलं राज्य करू लागला. त्याने पुन्हा एकही फर्मान दुःखाच्या भरात काढलं नाही, असं म्हणतात.

एकेचाळीस झाडं मेलेल्यांबरोबर गेली होती. ती रानात उभी होती, पण कुठली कशाची हे सांगणारं कुणी नव्हतं. ती परत मिळवायची तर एकच वाट होती.

राजा गेल्यावर दुसऱ्या सकाळी येसू पाऊलवाटेने गेली आणि वाटेकडेच्या एका झुडपाचं पान तोडून घेऊन आली.

"नको," भिवरा म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच राखणारी चाखणारीला नको म्हणाली. जिला वाचवायला तिने सगळं घालवलं होतं, तीच आता एकेचाळीस वेळा मरणाच्या तोंडात जीभ घालणार होती, आणि ते थांबवायची सोय नव्हती.

"बस हितं," येसू म्हणाली. "मोज."

तिने पान मनगटाला चोळलं. ओठाला लावलं. मग जिभेवर ठेवलं. भिवरा मोजू लागली. दहा झाले, वीस झाले, पन्नास झाले, आणि भिवराचा स्वतःचा श्वास मात्र अडकून राहिला होता.

"तुरट," येसू म्हणाली. "मागनं थोडं कडू. सूज उतरंल यानं."

भिवराने ते मनात ठेवलं आणि श्वास सोडला.

"राहिली चाळीस," ती म्हणाली.