गालिच्याखालचा बर्फ

राष्ट्रीय स्केटिंग महासंघाचे अध्यक्ष तात्यासाहेब शेवाळकर यांचा एक लाडका नियम होता. महासंघाची चाचणी पास झाल्याशिवाय कुणी बर्फावर पाऊल ठेवायचं नाही. ती चाचणी ठेवायला मात्र त्यांना वर्षभर सवड झाली नव्हती. त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेच्या दिवशी नवोदित स्पर्धक ऋजुता केळुसकर पायात स्केट्स चढवून रिंकच्या दाराशीच अडकली होती.

“नियम म्हणजे नियम,” तात्यासाहेब म्हणाले. “त्यातून मीसुद्धा सुटत नाही.”

तेवढ्यात उद्घाटनाची घोषणा झाली. बर्फाच्या मधोमध माईक होता आणि तिथपर्यंत लाल गालिचा अंथरला होता. तात्यासाहेब गळ्यातला हार सावरत निघाले. ऋजुता मात्र दारातून हलली नाही.

“साहेब, तुमची चाचणी झालीय?”

“मी गालिच्यावरून जाणार आहे.”

“आणि गालिचा कशावर आहे?”

अख्खी गॅलरी हसत सुटली. कॅमेरे दाराकडे वळले.

“परीक्षक बसलेच आहेत,” ऋजुता म्हणाली. “दोघंही देऊन टाकू चाचणी. आधी तुम्ही जाता?”

तात्यासाहेबांनी त्या गुळगुळीत बर्फाकडे एकदा पाहिलं आणि ते बाजूला झाले.

“आधी तू जा, बाळ.”

ती सुसाट आत गेली. उद्घाटनाचं भाषण त्या वर्षी दाराबाहेरून झालं.