रानतुळशीने पुसलेली वाट

मुलांनो, एका जंगलात ओढ्याच्या काठी अर्जुनाचे एक जुने झाड होते आणि त्या झाडाच्या मुळाशी मुंग्यांची पेढी होती. हसू नका, अगदी खरीखुरी पेढी! सुगीच्या दिवसांत रानातली पाखरे आणि प्राणी आपापले दाणे तिथे ठेवायला आणत. मुंग्या प्रत्येक दाण्याची कोंब फुटायची जागा कुरतडून टाकत, म्हणजे तो उगवत नसे आणि टिकत असे. पुढे उन्हाळ्यात ज्याचे त्याला परत मिळे, आणि मेहनतीचे म्हणून थोडे दाणे मुंग्यांना राहत. पेढीचा सारा कारभार एका थोरल्या मुंगीच्या हाती होता. कामाला वाघ, पण स्वभावाने महासंशयी. मागे एका उंदराने कोठारात बीळ पाडले होते, तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत असे. कोणी नुसते "राम राम" म्हटले, तरी "का बरं?" असे विचारणारी!

एका वर्षी ओढा काठ पोखरत पोखरत अर्जुनाच्या मुळांपर्यंत आला. कोठाराच्या भिंतींना ओल सुटली. पेढी हलवण्यावाचून गत्यंतर नव्हते. थोरलीने एकटीने हिंडून टेकाडावरच्या काळ्या कातळात एक कोरडी कपार हेरली. जागा नामी होती, पण ती ठरली त्या दिवसापासून बाईंची झोप उडाली. ही जागा कोणाला कळली तर?

बातमी मात्र फुटायची ती फुटलीच. पहिल्यांदा खार तुरुतुरु धावत आली.

"मावशी, पेढी हलवतेस म्हणे? कुठं गं?"

"तुला कशाला हवी उठाठेव?"

"अगं, माझे दाणे आहेत ना तुझ्याकडे! मी ही अशी विसरभोळी. कुठं काय पुरलं ते मलाच आठवत नाही, म्हणून तर तुझ्याकडे ठेवते."

थोरलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. विसरभोळी म्हणे, आणि पत्ता तेवढा आठवणीने विचारायला आली! "जांभळीच्या मागे," तिने ठोकून दिले. मग होला आला. त्याला तिने सांगितले, "वारुळाच्या पलीकडे." तो भाबडा पक्षी "बरं, बरं" म्हणून उडून गेला. तेही तिला खटकले. इतक्या सहज कोणी 'बरं' म्हणते का?

शेवटी शेजारचा शेणकिडा आला.

"मावशी, सामान हलवायला मी येतो की. गोळे ढकलण्यातच जन्म गेला माझा."

"आणि त्याबद्दल काय घेशील?"

"काही नको. शेजारी ना आपण?"

झाले! आता तर तिची खात्रीच पटली. ज्याला काही नको असते, त्यालाच सगळे हवे असते. इथे कुठेतरी पाणी मुरतंय! "ये हो, ओढ्याच्या वळणावर ये," ती गोड आवाजात म्हणाली आणि मनातल्या मनात हसली.

हलायच्या दिवशी सकाळी तिने सगळ्या मुंग्यांना रांगेत उभे केले. "आधी दाणे जातील, मग अंडी. अंडी कोण चोरतंय?" असे म्हणून अंड्यांपाशी तिने दोन दाया ठेवल्या. खरे तर त्या अंड्यांतच पुढच्या वर्षीची सगळी पेढी झोपलेली होती. पण डोक्यात चोर शिरला की दुसरे काही सुचत नाही.

आता मुंग्यांची एक रीत तुम्हाला ठाऊक असेल. त्यांना लांबचे दिसत नाही. पुढची मुंगी जमिनीवर वास ठेवत जाते आणि मागची तो वास हुंगत येते. मुंगीची वाट म्हणजे तो वास! थोरलीने काय करावे? तिने रांगेच्या शेवटच्या दोघींच्या हाती रानतुळशीचा पाला दिला आणि हुकूम सोडला, "चालाल तशी मागची वाट या पाल्याने घासत या. आपला वास उरता कामा नये."

"पण आक्का," एक जण चाचरत म्हणाली, "मागाहून कोणी यायचं झालं तर..."

"मागाहून येतो तो चोरच असतो! आणि मी आहे ना? मला वाट पाठ आहे."

दुपारपर्यंत सारे दाणे कपारीत पोहोचले. थोरलीने एकदा नव्या जागेभोवती फेरी मारली आणि समाधानाने मिशा पुसल्या. "आता खुशाल शोधा म्हणावं! चला गं, अंडी आणू."

ती चार पावले उतरली आणि थबकली. जिकडे नाक न्यावे तिकडे रानतुळस! वाट पाठ आहे असे ती म्हणाली होती खरी, पण पाठ होता तो वास, आणि तोच आता उरला नव्हता. ती डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि फिरून फिरून भोपळे चौकात तशी पुन्हा कातळापाशीच आली. तेवढ्यात खालून, ओढ्याच्या बाजूने, धप्प असा आवाज आला. काठ ढासळत होता!

थोरलीला आता चोर आठवेना, उंदीर आठवेना. आठवली ती ओल्या अंधारातली पांढरी अंडी. ती कातळाच्या टोकावर चढली आणि साऱ्या मुंग्यांसह जीव तोडून ओरडू लागली, "आम्ही इथं आहोत! टेकाडावर! काळ्या कातळाच्या कपारीत! कोणी तरी या हो!" जो पत्ता या कानाचा त्या कानाला कळू नये म्हणून तिने जिवाचे रान केले होते, तोच ती आता गळा फाडून अख्ख्या जंगलाला सांगत होती.

ते ऐकून, नवी पेढी बघायला जांभळीमागे येऊन ताटकळलेली खार धावत आली. "अगं, तू तर..."

"खोटं सांगितलं मी तुला! आधी अर्जुनापाशी ने मला. माझी अंडी आहेत तिथं!"

खारीने थोरलीला पाठीवर घेतले आणि ती सुसाट निघाली. अर्जुनापाशी पाहतात तो काय! पेढीचे दार चिखलात गडप झाले होते. थोरली पायांनी चिखल उकरू लागली.

"मावशी, वर बघ, वर!" खार ओरडली.

काठापासून उंचावर, कोरड्या जागी, अर्जुनाच्या एका रुंद पानावर सगळी अंडी होती. दोन्ही दाया त्यांना बिलगून बसल्या होत्या, आणि चिखलाने माखलेला शेणकिडा मागच्या पायांनी ते पान आणखी वर ढकलत होता.

"आलीस मावशी?" तो धापा टाकत म्हणाला. "रागावू नकोस हं. ओढ्याच्या वळणावर कोणीच दिसेना. म्हटलं, पत्ता ध्यानात ठेवण्यात माझंच काहीतरी चुकलं. म्हणून पुन्हा विचारायला इथं आलो, तर माती सुटत होती. अंडी वर काढली खरी, पण न्यायची कुठं ते कळेना."

त्याने तिच्यावर नव्हे, स्वतःवरच संशय घेतला होता. ओढ्याने आपल्यालाच का नेले नाही, असे थोरलीला वाटले.

"नाही रे बाबा," ती मान खाली घालून म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही. पत्ता मीच खोटा दिला होता."

"असं होय," शेणकिडा म्हणाला आणि त्याने पुन्हा पानाला पाय लावले. "बरं, आता खरा पत्ता सांग. ऊन तापलंय, अंडी सुकतील."

खार टेकाडाची दिशा दाखवत पुढे झाली आणि तिच्यामागून थोरली पायी निघाली. या खेपेला जमिनीला पोट घासत, पावलापावलावर आपला वास ठेवत ती चालली होती. अंडी कपारीत पोहोचल्यावर ती तडक वारुळाकडे गेली. तिथे होला अजून शहाण्यासारखा वाट बघत बसला होता. त्याला तिने स्वतः बोलावून आणले.

तात्पर्य : चोर येऊ नये म्हणून जो आपली वाट पुसतो, त्याचे सोबतीच आधी हरवतात.